एका टाकीत दोन पाणी

१

सतरा मासे मरून तरंगत होते, आणि ते ज्यांचे होते त्यांना तोंड फिरवायचीही सोय नव्हती. अण्णांची मान डाव्या बाजूला वळलेली, ती तशीच राहायची. डाव्या बाजूला चार फुटी काचेची टाकी. गेले सात महिने, अर्धांगाचा झटका आल्यापासून, त्यांचं सगळं जग म्हणजे ती टाकी.

मी खोलीत पाय ठेवला आणि नाकाला पदर लावला. तीस वर्षं मी लोकांच्या घरच्या माशांच्या टाक्या साफ करते. लोक मला मासेवाल्या मावशी म्हणतात. फोनवर कुणी नवीन असेल तर "आज ताजं काय आहे?" असंही विचारतो. कोपरापर्यंत हात शेवाळात घालून मी चहाची वाट बघू शकते, एवढी माझी कातडी निबर झालीय. पण तो वास वेगळा होता. कुजलेला मासा मला ओळखता येतो. त्या वासाखाली आणखी काहीतरी होतं. गोडूस. नासलेलं.

"बघा मावशी, बघा हिची करणी!" दारातून वहिनींचा आवाज आला.

वहिनी म्हणजे अण्णांच्या सूनबाई. मला फोन केला होता तो अण्णांच्या मुलीने, ताईने, म्हणून मीही तिच्यासारखं त्यांना वहिनीच म्हणायचे. त्या माहेरहून दहा वाजता परतल्या होत्या आणि प्रवासातल्या साडीवरच भांडत होत्या. खोलीच्या कोपऱ्यात सिस्टर उभी होती, अण्णांची दिवसाची काळजी घेणारी बाई. तिच्या पायाशी तिची पिशवी उपडी केलेली होती. डबा, कंगवा, गुडघ्याचा पट्टा, डोकेदुखीची डबी, सगळं फरशीवर.

"पिशवी का उलटी केलीत?" मी विचारलं.

"दुधाची पावडर शोधत होते. अण्णांची. डबे महिन्याच्या महिन्याला बरोबर संपतात आणि माणूस बघा, हाडांचा सापळा झालाय! मग पावडर जाते कुठे? काल नणंदेने हिला तेवढंच विचारलं फोनवर, की अण्णा वाळले कसे? झालं, आज राग माशांवर काढला. फिनाईल ओतलं हिने टाकीत. बाया पाठवणाऱ्या ब्युरोला फोन करून हिचं नाव कायमचं काढायला सांगते. पोलिसातही देईन."

सिस्टर रडत नव्हती. ती पन्नाशीची, रुंद हाडाची बाई माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "मावशी, मी साडेआठला आले. टाकीवर टॉवेल टाकलेला होता. दहाला दिवा आपोआप लागतो, तेव्हा टॉवेल काढला. तर हे असं."

"आणि सात वाजता मासे ठणठणीत पोहत होते," वहिनी म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी डोळ्यांनी बघितलेत. अण्णांना दूध देताना. आत्ताच विचारलं फोनवर."

मी टाकीच्या जवळ गेले. सर्वात मोठा एंजल मासा उताणा पडला होता. मी त्याला जाळीने उचललं, गालफड उघडलं आणि वहिनींकडे वळले.

"वहिनी, तुमच्या ह्यांनी सात वाजता जे पोहताना बघितलं, ते मासे नव्हते."

२

ताई तेवढ्यात आत आली होती. दातांची डॉक्टर, दवाखाना अर्धा टाकून आलेली. अण्णांच्या उशाशी बसली आणि त्यांचा हात हातात घेतला.

"म्हणजे काय मावशी?"

"हा मासा बघ. डोळे पांढरेफटक. कल्ले राखेच्या रंगाचे. अंग आखडून पुन्हा सैल पडलंय, पोट फुगलंय, बोट लावलं तर कातडी निघते." मी बोट लावून दाखवलं. कातडी निघाली. वहिनी तोंडावर हात दाबून बाहेर पळाल्या आणि दोन मिनिटांनी परत आल्या. "हे तीन-चार तासांचं काम नाही. हे मासे काल संध्याकाळनंतर कधीतरी मेलेत. सकाळी सातला इथे मढी तरंगत होती."

"मग हे खोटं कशाला बोलतील? अंधारात दिसलं नसेल नीट," वहिनी म्हणाल्या.

"असेल," मी म्हटलं. त्या घडीला मलाही तसंच वाटत होतं.

मी काचेला नाक लावलं. आतल्या बाजूला पांढरे, दोऱ्यासारखे किडे वळवळत होते. शेकड्याने. रेतीतून निघून काचेवर चढलेले. गोगलगायी पाण्याच्या वर येऊन दाटीने चिकटल्या होत्या, पण जिवंत होत्या. फिनाईल पडलं असतं तर हे किडे आधी मेले असते, आणि वासही लपला नसता. सिस्टरवरचा पहिला आरोप तिथेच गळाला.

पण हे किडे इतके आले कुठून? ते येतात ते उष्ट्यावर. माशांना चिमूटभराच्या जागी मूठभर घातलं की न खाल्लेलं तळाशी कुजतं आणि ही पिलावळ माजते. मी कपाटातला माशांच्या खाण्याचा डबा उघडला. पाच आठवड्यांपूर्वी मीच भरून ठेवलेला. अजून पाऊण भरलेला. म्हणजे जास्तीचं खाणं पडलं होतं, पण ते या डब्यातलं नव्हतं.

"पाच आठवडे तुम्ही आला नाहीत का मावशी? तुम्ही तर दर महिन्याला येता," ताईने विचारलं.

"दादांनी फोन केला होता. म्हणाले, या महिन्यात नको, मीच करेन."

ताईने भुवया उंचावल्या. "दादा? दादा आणि घाणीत हात घालणार? लहानपणी आंब्याच्या कोयीला हात लागला तर साबण मागायचा तो."

"माणूस बदलतो," वहिनी जरा फणकाऱ्याने म्हणाल्या. "गेल्या महिन्यापासून सकाळी सातचं आणि रात्री नऊचं दूध ते स्वतः देतात अण्णांना. नाकातल्या नळीतून. सिरिंजने. कुणाचा मुलगा करतो? येणारा जाणारा तोंडभर कौतुक करतो. मला हातसुद्धा लावू देत नाहीत, खोलीचं दार लावून घेतात."

अण्णांचे डोळे आमच्यावरून फिरत होते. मी सहज म्हटलं, "अण्णा, तुमच्या टाकीचं काय झालं हो?"

"त्यांना कळत नाही मावशी. हे म्हणतात, आता सगळं पुसलं गेलंय," वहिनी म्हणाल्या.

ताईने वडिलांचा हात घट्ट धरला.

मी माझी पेटी उघडली. पाणी तपासायच्या बाटल्या आणि काचेच्या नळ्या. अमोनियाच्या नळीत थेंब टाकले आणि पाच मिनिटांत पाणी पिवळ्याचं गडद हिरवं झालं. तक्त्यावरच्या शेवटच्या रंगाच्याही पलीकडे. मासे कशाने मेले ते कळलं. पण आंबटपणाची नळी निळी झाली. निळी म्हणजे पाणी अगदी नळासारखं, क्षाराचं.

ते पटेना. इतकी कूज असलेलं पाणी महिनाभरात आंबायला हवं. ते नळाच्या पाण्यासारखं राहीलच कसं?

३

कुणीतरी पाणी बदललं होतं. आणि ज्याने बदललं, त्याला ते काम माहीत नव्हतं.

खूण रेतीत होती. झाकणाच्या झडपेखाली रेतीत वीतभर खड्डा पडलेला, भोवतीची रोपं मुळासकट उपटून वर आलेली. बादलीने वरून धबाधब पाणी ओतलं की असा खड्डा पडतो. मी ज्यांना शिकवलंय ते तळाशी बशी ठेवून तिच्यावर ओततात.

"पाणी कुणी बदललं?" मी विचारलं.

कुणीच नाही. वहिनी शुक्रवारपासून माहेरी. सिस्टरला रविवारची सुट्टी. काल दुपारभर ताई अण्णांजवळ होती.

"तू गेलीस तेव्हा टाकी कशी होती?"

"पाचला निघाले मी. शी! हिरवंगार, वर दुधाळ साय, काचेवर शेवाळाच्या झिपऱ्या. मासे वर येऊन तोंड उघडत होते. दादाला म्हटलं, उद्या सकाळी मावशींना बोलावतेच. तो म्हणाला, बघू."

"दुधाळ?"

"रोज सकाळी तसंच असायचं," सिस्टर म्हणाली. "मी येते तेव्हा पांढुरकं, दुपारपर्यंत निवळायचं. दादांना विचारलं तर म्हणाले, माशांचं औषध टाकलंय, हात लावू नका."

मी गुडघ्यावर बसून टाकीखालचं कपाट उघडलं. आत फिल्टर, बादलीएवढा बंद डबा, नळ्यांनी टाकीला जोडलेला. एरवी रात्रंदिवस त्यातून पाणी फिरतं. त्याची घरघर मला आल्यापासून ऐकू आली नव्हती, आणि इतक्या आरडाओरड्यात लक्षातही आलं नव्हतं. बटण बंद होतं. पाणी बदलताना बंद करायचं असतं. करणाऱ्याने बंद केलं आणि पुन्हा लावायला विसरला.

म्हणजे टाकीतलं पाणी नवं होतं. पण या बंद डब्यात कालचं जुनं पाणी जसंच्या तसं कोंडलेलं होतं.

"खिडक्या उघडा," मी म्हटलं. "आणि ज्याला बाहेर जायचं त्याने जा."

मी चिमटे सोडून झाकण उचललं. तीस वर्षांत पहिल्यांदा मी टाकीपाशी ओकले. बादली जवळ होती म्हणून बरं. स्पंज दिसतच नव्हते. त्यांच्यावर बोटभर जाड, पांढरट पिवळी साय बसलेली, शेंबडासारखी ताणणारी. हात घातला तर लिबलिबीत गोळेच्या गोळे बोटांतून निसटले, मनगटाला ओघळले. आणि तो वास उसळून वर आला, त्याचा आता पत्ता लागला. नासलेलं दूध. त्यात व्हॅनिला.

सिस्टरनेही तो ओळखला. ती शेल्फापाशी गेली, अण्णांच्या पावडरचा डबा काढला आणि झाकण उघडून माझ्या नाकाखाली धरला.

तोच व्हॅनिला.

४

मी हात धुतले. दोनदा. मग दोन नळ्या घेतल्या. एकीत टाकीतलं पाणी, दुसरीत फिल्टरमधलं. दोन्हीत तेच थेंब. पहिली निळी झाली. दुसरी लिंबासारखी पिवळीजर्द.

बाहेर गाडी थांबली. दादा ऑफिसातून आला होता. इस्त्रीचा शर्ट, हातरुमाल नाकाला. पंचेचाळिशीचा, गोरा, नीटस माणूस. बापाकडे न बघता त्याने विचारलं, "काय निघालं मावशी? फिनाईलच ना?"

"बसा दादा. सांगते."

तो बसला नाही.

"तुमच्या एका टाकीत दोन पाणी आहेत," मी नळ्या पुढे धरल्या. "हे पिवळं जुनं. महिनाभर यात खाणं कुजत होतं. कुजलं की अमोनिया होतो, विषारी. पण पाणीही आंबत जातं, आणि आंबट पाण्यात हे विष निजलेल्या सापासारखं पडून राहतं. मासे कसेबसे तगतात. आता त्यात कुणी नळाच्या क्षाराच्या पाण्याच्या बादल्या ओतल्या की साप फणा काढतो. दोन-तीन तासांत खेळ खलास. मासे घाणीने मेले नाहीत दादा. घाण घाईघाईने साफ केली म्हणून मेले."

"मग? सिस्टरनेच केली असेल सफाई."

"काल पाच वाजता ताईने इथे हिरवं दुधाळ पाणी बघितलं. आज साडेआठला सिस्टर आली तेव्हा टॉवेल पडलेला होता आणि मासे मरून थंड झाले होते. मधल्या वेळात सिस्टर या घरात नव्हती. वहिनी नव्हत्या. ताई नव्हती."

वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं, मग पटकन माझ्याकडे.

"बरं, बदललं पाणी," दादा म्हणाला. "वास येत होता. त्यात गुन्हा काय? मासे मेले, वाईट वाटलं, बोलवेना, म्हणून टॉवेल टाकला. घ्या, माझी चूक!"

"तेवढंच असतं तर मी चहा पिऊन गेले असते. मला सांगा, महिनाभर त्यात कुजत काय होतं?"

त्याने रुमाल नाकावर आणखी दाबला.

"सिस्टर, तुमच्याकडे अण्णांची काही नोंद असते?"

"दर सोमवारी दंडाचा घेर मोजते. वजनकाट्यावर उभं करता येत नाही ना." तिने उशाखालची वही काढली. "सव्वीस सेंटीमीटर होता. मग पंचवीस. आज सकाळी साडेबावीस. मी तीनदा सांगितलं घरात. कुणी ऐकलं नाही, उलट मलाच चोर ठरवलं."

ताईने ती वही घेतली. वाचताना तिचे ओठ हलत होते. मग तिने फिल्टरकडे बघितलं, पावडरच्या डब्याकडे, आणि भावाकडे. तिला कळलं ते मी सांगायच्या आधी.

"सकाळी सात आणि रात्री नऊ," ती म्हणाली. "दार लावून."

"वेडी आहेस का तू? हिच्या शब्दावर? एका मासेवालीच्या?"

"माझ्या नको," मी म्हटलं. "या खोलीत एक साक्षीदार आहे. दोन्ही वेळा हजर असलेला."

मी अण्णांच्या समोर, त्यांची मान वळलेली होती त्या बाजूला, खाली बसले. "अण्णा, हो असेल तर एकदा डोळे मिटा. नाही असेल तर दोनदा. भूक लागते?"

एकदा. सावकाश. ताईच्या घशातून आवाज निघाला.

"दूध टाकीत कुणी ओतलं ते बघितलंत? सिस्टरने?"

दोनदा.

"सूनबाईंनी?"

दोनदा.

"तुमच्या मुलाने?"

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डावा हात जेमतेम चार बोटं उंच उचलला आणि तो स्वतःच्या छातीवर आपटला. पुन्हा आपटला. मी. मी ओतलं. ज्या माणसाला पलंगाच्या कठड्यापर्यंत हात नेता येत नव्हता, तो सांगत होता की चार फुटांवरच्या टाकीत त्याने आपलं जेवण स्वतः ओतलं.

५

ते बघून दादा फुटला. पण ज्याची मला अपेक्षा होती तसा नाही.

"मला किळस येते," तो म्हणाला. रुमाल अजून नाकावर होता. "ती नळी. सिरिंज जोडली की आधी पोटातलं वर येतं, पिवळं, ते बघायचं. मग दूध जाताना गुडगुड वाजतं. मग ढेकर, माझ्या तोंडावर. ती लाळ. मी पहिल्या दिवशी बेसिनमध्ये ओकलो. दुसऱ्या दिवशीही. पण तोवर सगळ्यांना सांगून बसलो होतो की मीच देणार. सगळे पाठ थोपटत होते! आता कसं म्हणू, मला बापाची घाण वाटते? बेसिन स्वयंपाकघरात, तिथे ही बघणार. टाकी इथेच होती. पहिल्यांदा एकदाच ओतलं. वाटलं, मासे खातील. दिवसा तीनदा मिळतंच होतं ना त्यांना! मरत तर नव्हते!"

"ते बघत होते दादा," ताई म्हणाली. "त्यांची मान तिकडेच असते. तू त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांचं जेवण माशांना घालत होतास."

"मला वाटलं, त्यांना कळत नाही."

"नाही. कळू नये असं तुला वाटत होतं."

वहिनी पलंगाच्या पायथ्याशी खाली बसल्या. त्यांनी फरशीवरून सिस्टरचा डबा, कंगवा, पट्टा एकेक उचलून पिशवीत भरला आणि पिशवी तिच्या हातात दिली. सिस्टरने पिशवी घेतली आणि म्हणाली, "बाराचं दूध राहिलंय अण्णांचं. गरम पाणी मिळेल का?"

ती दूध देत होती तेव्हा मी बघत उभी राहिले. आधी खरंच पिवळं पाणी वर आलं. गुडगुड वाजलं. अण्णांनी ढेकर दिला, हनुवटीवर लाळ आली, सिस्टरने ती पुसली. कुणालाही किळस यावी असंच होतं ते. मलाही आली. मी खोटं बोलणार नाही. पण दादाने पाण्याचा पेला माझ्यापुढे केला तेव्हा माझा हातच पुढे गेला नाही. मढ्यांत, किड्यांत, सायीत घातलेला माझा हात, आणि त्या स्वच्छ माणसाच्या बोटांना लागेल म्हणून मागे आला.

पोलिसात कुणी गेलं नाही. अण्णांची छातीवरची मूठ सगळ्यांनी बघितली होती, तिच्यापुढे कोण जाणार? संध्याकाळी ताईने अँब्युलन्स बोलावली आणि वडिलांना आपल्या घरी नेलं. सिस्टर बरोबर गेली. मी टाकी रिकामी केली, सतरा मासे मागच्या अंगणात खोल पुरले आणि काच तीन दिवस उन्हात ठेवली.

तीन महिन्यांनी ताईने मला बोलावलं, टाकीसाठी नाही, सहज. अण्णांची नळी निघाली होती. गालांवर मांस आलं होतं. चमच्याने मऊ भात खात होते, अर्धा आत, अर्धा गळ्यातल्या फडक्यावर. बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येत होत्या.

"दादा येतो रविवारी," ताई म्हणाली. "आत येत नाही. दारात उभा राहतो पाच मिनिटं, रुमाल धरून. मी ये म्हणत नाही, जा म्हणत नाही."

"अण्णा काय करतात?"

"मागच्या रविवारी पहिल्यांदा बोलले. दहा महिन्यांतला पहिला शब्द. आम्ही सगळे ताई म्हणतील, पाणी म्हणतील म्हणून टपलेलो. दादा दारात आला, तर ओठ कितीतरी वेळ जुळवत राहिले. मग म्हणाले, पिंट्या. लहानपणी त्याला पिंट्या म्हणायचे."

"मग?"

ताई खिडकीकडे वळली. उत्तर दिलं ते सिस्टरने, भाताची वाटी हातात धरून, रागाने लाल होत.

"मग विचारलं, जेवलास का?"